मोहतसिबाचा तराजू

फारसी किंवा उर्दू गझलेची गोडी असलेल्या मराठी वाचकाला मोहतसिब ओळखीचा असतो, पण तो खलनायक म्हणून. तो येतो आणि मद्याचे कुंभ फोडतो, मयखान्याला कुलूप लावतो, रसिकांच्या आनंदात विरजण घालतो. या प्रतिमेमागे खरा इतिहास आहे. १३५३ मध्ये मुबारिझुद्दीन मुहम्मद याने शिराझ जिंकले, तिथले गुत्ते बंद पाडले आणि धर्माच्या नावाने इतका कडक अंमल बसवला की लोकांनी या राज्यकर्त्यालाच ‘मोहतसिब’ म्हणायला सुरुवात केली. कवी हाफिझ त्या वेळी त्याच शहरात होता. १३५८ मध्ये शाह शुजा या मुलानेच बापाला गादीवरून खेचून त्याची दृष्टी हिरावली. मुबारिझुद्दीन इतिहासजमा झाला, पण हाफिझच्या कवितेतला मोहतसिब सहा शतके टिकला आणि पुढे दिल्ली-लखनौच्या शायरांनीही तो उचलला. कवितेचे बळ मोठे असते. तिने रंगवलेल्या चित्रापुढे दफ्तरातला माणूस फिका पडतो. तरी मध्ययुगीन मुस्लिम शहरांतला हा अधिकारी ज्या कामासाठी नेमला जाई, त्यातला फार मोठा भाग दारूशी नव्हे, तर तराजूशी निगडित होता. इस्लामी नीतीने रोजच्या जगण्यात सर्वांत ठोस रूप घेतले ते बाजारात, आणि ते समजून घ्यायचे असेल तर मयखान्याच्या दारातून उठून भाकरीच्या भट्टीपाशी जायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

मुळापासून पाहू. कुराणात मद्यनच्या लोकांची कथा एकाहून अधिक ठिकाणी येते. शुऐब हा प्रेषित त्यांना एका ईश्वराची उपासना करा असे सांगतो आणि त्याच दमात माप आणि वजन पुरे द्या असेही सांगतो. ते ऐकत नाहीत आणि नाश पावतात. त्र्याऐंशीव्या सूरेचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. स्वतः घेताना भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना काटा मारणारे लोक तिथे सुरुवातीलाच समोर येतात. पंचावन्नाव्या सूरेत आकाश उंच उभारल्याचा उल्लेख आहे आणि त्याला लागूनच तराजू मांडल्याचा. मापातले पाप ही इथे किरकोळ लबाडी राहत नाही. विश्वाच्या तोलालाच धक्का लावणारी गोष्ट ठरते. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातला एक प्रसंग तर फार बोलका आहे. बाजारात धान्याच्या एका राशीत मुहम्मद पैगंबरांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे पैगंबरांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. श्रद्धावंतांच्या समुदायाबाहेर काढण्याची भाषा इथे ओल्या धान्यासाठी वापरली गेली आहे. पाऊस पडला हा गुन्हा नव्हता. ओल झाकली, हा होता.

ही शिकवण ग्रंथातच राहिली नाही, याचा हातात धरता येईल असा पुरावा इजिप्तमध्ये सापडतो. आठव्या शतकातल्या उमय्या आणि अब्बासी अधिकाऱ्यांनी तिथे काचेची वजने पाडून घेतली. नाण्याएवढ्या हिरवट चकत्या, त्यांवर उठवलेला शिक्का. जिन्नस मोजून देण्याच्या काचेच्या भांड्यांवरही असेच शिक्के असत; एखाद्यावर मसूर, एखाद्यावर जिरे, एखाद्यावर तेल असे लिहिलेले. काच गंजत नाही, आणि कडेने घासून हलकी करू पाहिली तर लगेच कळते. यांपैकी कित्येक शिक्क्यांवर अधिकाऱ्याच्या नावाबरोबर पुरे माप देण्याची ईश्वराची आज्ञा कोरलेली आहे. मसूर विकत घेणाऱ्या बाईला अरबी वाचता येत असो वा नसो, तिच्या हातातल्या भांड्यावर तिच्या बाजूने ईश्वराची साक्ष काढलेली होती. जगभरच्या संग्रहालयांत अशी हजारो वजने आणि शिक्के आज जपून ठेवलेले आहेत.

या देखरेखीला ‘हिस्बा’ म्हणतात. आरंभी हे काम करणाऱ्याला नुसते बाजाराचा अधिकारी म्हणत. मोहतसिब हे पदनाम अब्बासी काळात रुळले. रोमन-ग्रीक नगरांतही बाजारावर देखरेख करणारा अधिकारी असे, त्यामुळे मोहतसिब हा त्याचाच वारस, असे काही अभ्यासकांनी मांडले. दोघांमधली सलग साखळी सिद्ध झालेली नाही. ती झाली तरी काय बिघडते? नव्या धर्माने जुन्या कामाला कोणता अर्थ दिला, हे जास्त महत्त्वाचे आहे. कैरवानचे विधिज्ञ याह्या इब्न उमर (मृत्यू ९०१) यांनी बाजाराच्या नियमांवर लिहिलेले पुस्तक या विषयावरच्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथांपैकी एक आहे. बगदादचे न्यायाधीश अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात हिस्बेला स्वतंत्र प्रकरण दिले. काझीपुढे फिर्यादी यावा लागतो, साक्षीदार लागतात; मोहतसिब फिर्यादीची वाट पाहत नाही, पण उघड दिसणाऱ्या गोष्टीपलीकडे निवाडाही करत नाही. एकाने दावा केला आणि दुसऱ्याने तो नाकारला, तर प्रकरण काझीकडे गेले. जनावरावर पेलवणार नाही इतके ओझे लादणारा, वादळी वाऱ्यात किंवा गच्च भरलेले गलबत हाकारणारा नाखवा, गुलामाला झेपणार नाही असे काम देणारा मालक, हे सगळे मावर्दींच्या यादीत आहेत. ज्यांना फिर्याद करताच येत नाही, अशांसाठीही कोणीतरी असावे, ही दृष्टी त्यामागे आहे.

बाराव्या शतकातल्या सीरियात अश-शैझरी यांनी मोहतसिबासाठी चाळीस प्रकरणांचा हस्तग्रंथ लिहिला. मध्ययुगीन शहर इतक्या जवळून दाखवणारी पुस्तके थोडी आहेत. भट्टीवाल्याचे छप्पर उंच हवे आणि धूर जायला वाट हवी. कणीक मळणाऱ्याने पायाने, गुडघ्याने किंवा कोपराने मळू नये. अंगात घट्ट बाह्यांचा कपडा असावा. बोलताना किंवा शिंकताना थुंकी उडू नये म्हणून तोंडावर फडके असावे. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला पट्टी असावी. हातावरचे केस काढलेले असावेत. आणि दिवसा मळत असेल तर माश्या हाकायला शेजारी एक माणूस उभा असावा. खाटकाने दिवसाची विक्री संपल्यावर लाकडी ठोकळ्यावर मिठाची पूड पसरावी, म्हणजे रात्री कुत्री तो चाटणार नाहीत. वजने लोखंडाची असावीत. दगडाची असलीच तर चामड्यात मढवून मोहतसिबाचा शिक्का मारलेली असावीत. तराजूच्या पारड्यांना तेल आणि मळ चिकटतो, तो वरचेवर पुसावा. केशरात उकडून तंतू काढलेले, रंगवलेले मांस मिसळतात, तेही शैझरींना ठाऊक आहे. मात्र काही लबाड्यांपाशी ते मुद्दाम थांबतात. स्वयंपाकातल्या भेसळीच्या क्लृप्त्यांवर तत्त्वज्ञ अल-किंदीने लिहिलेल्या पुस्तकाचा ते उल्लेख करतात, पण कृती सांगत नाहीत. वाचून कोणी तोच धंदा सुरू करील, ही त्यांची चिंता. वैद्यांविषयी त्यांची अपेक्षा आणखी कडक आहे. वैद्याने हिप्पोक्रेटिसची शपथ घ्यावी. नेत्रवैद्याची परीक्षा हुनैन इब्न इसहाकच्या डोळ्यांवरील दहा प्रबंधांवर घ्यावी. हा हुनैन ख्रिस्ती होता, आणि इस्लामी शहराच्या बाजार-अधिकाऱ्याला त्याचे पुस्तक प्रमाण मानताना काही अडचण वाटली नाही. प्रत्येक धंद्यातल्या बारकाव्यांसाठी मोहतसिबाने त्याच धंद्यातला एक विश्वासू माणूस मदतनीस नेमावा, असेही ते सुचवतात. माहीतगाराशिवाय तपासणी म्हणजे नुसता दरारा, हे त्यांना पक्के कळले होते. दरारा त्यांना वर्ज्य होता असे मात्र नाही. चाबूक आणि घुंगरे, कवड्या, कोल्ह्याच्या शेपट्या लावलेली धिंडीची टोपी मोहतसिबाच्या ओट्यावर लोकांना दिसेल अशी टांगलेली असावी, हेही त्याच ग्रंथात आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे बाजारापुरते. पण चांगल्याची आज्ञा आणि वाइटाला मज्जाव हे ज्याचे ब्रीद, तो अधिकारी लोकांच्या घरात डोकावणारच. या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार अल-गझाली (मृत्यू ११११) यांनी केला. त्यांच्या मते ज्या कृत्याला हरकत घ्यायची ते हेरगिरी न करता उघड दिसत असले पाहिजे, आणि ते गैर आहे याबद्दल विधिज्ञांमध्ये मतभेद नसावा. शिवाय पायऱ्या आहेत: आधी समजावणे, मग उपदेश, मग कठोर शब्द, आणि बळाचा वापर अगदी शेवटी. त्यांनी खलीफा उमर यांची एक परंपरागत कथा सांगितली आहे. उमर एका घराची भिंत चढून आत उतरले आणि तिथल्या माणसाला पाप करताना पकडले. तो म्हणाला, मी ईश्वराची आज्ञा एका बाबतीत मोडली असेल, तुम्ही तीन बाबतींत मोडलीत: पाळत ठेवू नका, घरात दारातूनच या, परवानगी घेऊन आणि सलाम करून आत या, या तिन्ही आज्ञा कुराणात आहेत. उमर पश्चात्तापाचे वचन घेऊन परतले. ही कथा ऐतिहासिक आहे की नाही यापेक्षा इस्लामच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या नीतिग्रंथांपैकी एकात ती नियमाचा आधार म्हणून आली, हे मला मोलाचे वाटते. बाजार सगळ्यांना दिसतो, घर दिसत नाही. आणि घराची भिंतही धर्माच्याच आज्ञेने उभी आहे, असा हा विचार आहे. तराजूवरचा भर आणि भिंतीचा मान एकाच मुळातून आले. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला फसवू नये, हे राज्याने पाहावे. बाकीचा हिशेब माणूस आणि ईश्वर यांच्यातला.

याला पहिला गंभीर आक्षेप असा, की हस्तग्रंथ आदर्श सांगतात, वस्तुस्थिती नाही. आक्षेप रास्त आहे. हे ग्रंथ एकमेकांवरून उतरवलेले असतात. चौदाव्या शतकात इजिप्तच्या इब्न अल-उखुव्वा यांनी शैझरींचा पुष्कळ मजकूर घेऊन तो सत्तर प्रकरणांवर नेला. पण मांसाचे तंतू केशरात मिसळतात, ही माहिती आदर्शातून येत नाही. ती बाजारात उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. आणि व्यवस्था कशी किडली, याची साक्षही त्याच परंपरेतल्या माणसाने दिली आहे. इतिहासकार अल-मक्रीझी यांची १३९९ मध्ये कैरोचे मोहतसिब म्हणून नेमणूक झाली. काही महिन्यांतच ते पद त्यांच्याकडून गेले आणि अल-ऐनी या दुसऱ्या विद्वानाकडे आले. पुढे दोघांमध्ये या पदाची ओढाताण झाली. १४०३ च्या सुमारास इजिप्तवर दुष्काळ आणि महागाई कोसळली, तेव्हा मक्रीझींनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. नाईलचे पाणी कमी आले, हे त्यांना मान्य होते. पण संकट लांबले ते तीन कारणांनी, असे त्यांनी मांडले: पदे लाच देऊन विकत घेतली जातात, जमिनीचे खंड वाढत चालले आहेत, आणि चांगल्या नाण्यांची जागा तांब्याच्या नाण्यांनी घेतली आहे. काझी, सुभेदार आणि मोहतसिब, सगळ्यांच्या खुर्च्या विक्रीला होत्या. ज्याने पैसे मोजून पद घेतले तो ते दुकानदारांकडून वसूल करणार, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या मापातून. स्वतः त्या ओट्यावर बसलेला माणूस हे लिहितो, तेव्हा आदर्शाचा भंग तर सिद्ध होतोच, पण भंगाला भंग म्हणायचे माप समाजाजवळ शिल्लक होते, हेही दिसते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्यातले जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. हिस्बेच्या याच ग्रंथांत ख्रिस्ती आणि यहुदी लोकांनी वेगळी ओळख पटेल असा पोशाख घालावा, असे नियम आहेत. ११०० च्या सुमारास सेव्हिलमध्ये लिहिणारा इब्न अब्दून बाजाराच्या स्वच्छतेचा बारकाईने विचार करतो आणि त्याच लेखणीने यहुदी-ख्रिस्त्यांना शास्त्राचे ग्रंथ विकू नयेत असेही सांगतो. १४३८ मध्ये प्लेगची साथ आली असता सुलतान बर्सबायने कैरोतल्या स्त्रियांना घराबाहेर पडायला बंदी केली. रोगाचे खापर त्यांच्या वागण्यावर फोडले गेले. दुबळ्यावर सक्ती करण्याचे हत्यार म्हणून हे पद वापरले गेले, आणि तेव्हा वापरणाऱ्यांना आधार सांगता आला. मला हे धुऊन काढायचे नाही. पण गझालींची चौकटही तितकीच जुनी आहे, आणि शिराझच्या मुबारिझुद्दीनने जे केले ते तिच्या विरुद्ध होते. हाफिझचा राग धर्मावर नव्हता, दुसऱ्याचे पाप हुंगत फिरणाऱ्या दांभिकतेवर होता. कुराण मुखोद्गत असलेल्या या कवीने गझालींच्याच बाजूने आवाज उठवला, असे मी मानतो.

भाव ठरवावेत की नाही, या प्रश्नावरही ही परंपरा एकसुरी नव्हती. महागाईत भाव बांधून द्या अशी विनंती झाली तेव्हा पैगंबरांनी नकार दिला, असे हदीस सांगतात. कोणाच्या मालावर अन्याय केल्याचा दोष घेऊन ईश्वरासमोर जायचे नाही, असे त्यांचे कारण होते. त्यावरून अनेक विधिज्ञांनी भावबंदी निषिद्ध मानली. इब्न तैमिय्या (मृत्यू १३२८) यांनी मात्र हिस्बेवरच्या ग्रंथात भेद केला: पीक कमी आल्याने भाव चढला तर हात लावू नये, पण काही जणांनी संगनमताने माल अडवून धरला असेल, तर रास्त भावाने विकायला लावणे हाच न्याय. साठेबाजीवरच्या आजच्या कायद्यांमागचा युक्तिवाद याहून फार वेगळा नाही.

हिंदुस्थानात या व्यवस्थेचे दोन्ही चेहरे दिसतात. अलाउद्दीन खलजीने (१२९६–१३१६) दिल्लीत धान्याचे भाव बांधले, बाजारावर अधिकारी नेमले. माप मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचे तेवढ्याच वजनाचे मांस कापले जाई, असे इतिहासकार बरनी लिहितो. ही दहशत गझालींच्या पायऱ्यांशी कुठेच जुळत नाही. अकबराच्या काळात वजनमापे आणि बाजारभाव हे ‘आईन-ए-अकबरी’त कोतवालाच्या कर्तव्यांत दिसतात. औरंगजेबाने १६५९ मध्ये मुल्ला इवज वजीह यांना मोहतसिब नेमले, तेव्हा भर दारू, भांग आणि जुगार बंद करण्यावर होता. पेशवाईतल्या पुण्यातही कोतवालाच्या चावडीत बाजारभाव, वजनमापे आणि व्यभिचाराचे खटले एकाच छपराखाली होते. बाजाराची आणि लोकांच्या चारित्र्याची राखण एकाच हाती देण्याचा मोह कुठल्या एका धर्माचा नाही, हे आपल्याच इतिहासात स्पष्ट आहे.

मोहतसिबाच्या पदाचा गाभा कोणता, याचा सर्वांत निःपक्ष निवाडा मला स्पेनमध्ये मिळतो. अरागोनचा राजा जाउमे याने १२३८ मध्ये व्हॅलेन्सिया मुस्लिमांकडून जिंकले. मशिदींची चर्चे झाली. पण बाजाराचा हा अधिकारी राजाने ठेवला. नाव थोडे बदलून ‘मुस्तसाफ’ झाले, आणि वजने, मापे, भाकरीचा दर्जा, इमारतींचे वाद हे काम तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत करत राहिला. कॅस्टीलमध्येही तो ‘अल्मोताथेन’ म्हणून टिकला. क्रूसेडर राज्यांतही हे पद होते. ज्यांना इस्लाम नको होता त्यांनी त्यातले काय उचलले? तराजू उचलला. उस्मानी साम्राज्यात १५०२ चे बुर्साचे बाजारनियम भाकरीपासून कापडापर्यंत प्रत्येक जिनसाचा दर्जा ठरवतात. १८२६ मध्ये इस्तंबूलमध्ये हिस्बेचे स्वतंत्र खाते झाले, आणि १८५५ मध्ये त्याची बरीचशी कामे नव्या नगरप्रशासनाकडे गेली. आज आपण ज्याला वैधमापन, अन्न-निरीक्षण, बांधकाम परवाना म्हणतो, ते सारे त्या ओट्यावरून उठून निरनिराळ्या कचेऱ्यांत गेले. मोहतसिबाच्या नावावर उरले ते फक्त कवितेतले मडके फोडणे. विसाव्या शतकातल्या काही राजवटींनी तेवढेच उचलून धरले आणि रस्त्यारस्त्यावर पथके उभी केली; सौदी अरेबियाने २०१६ मध्ये आपल्या पथकाचा अटकेचा अधिकार काढून घेतला.

पाकिस्तानात हे दोन्ही प्रवाह एकाच हुकूमशहाच्या काळात शेजारी शेजारी वाहिले. झिया-उल-हक यांनी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश आणले, त्यांत मद्यपानाला फटक्यांची शिक्षा होती. त्याच झियांच्या राजवटीने १९८३ मध्ये ‘वफाकी मोहतसिब’ (संघीय मोहतसिब) हे पद निर्माण केले. हा मोहतसिब नागरिकांच्या नव्हे, सरकारी खात्यांच्या वागण्याची चौकशी करतो. चुकीचे वीजबिल किंवा अडकलेले निवृत्तिवेतन घेऊन कोणीही त्याच्याकडे जाऊ शकतो, आणि त्यासाठी वकील लागत नाही.